तोंड बघून गूळ देणारे मलकप्पा

आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी आयुष्यात एकच बघितला. माल संपला म्हणून नव्हे, भाव पटला नाही म्हणूनही नव्हे. गिऱ्हाइकाच्या तोंडावर मुरूम दिसलं म्हणून.

कळंबच्या बाजारात मलकप्पांचं किराणा दुकान होतं. गूळ, तेल, शेंगदाणे, मिरची, आणि मागच्या फळीवर डब्यांतून सुंठ, जायफळ, हिरडा असली झाडपाल्याची औषधं. तुम्ही दुकानाच्या पायरीवर उभे राहून गूळ मागितलात की मलकप्पा तराजूला हात घालायचे नाहीत. आधी म्हणायचे, "उजेडात ये."

मग स्वतः गादीवरून उठायचे, तुम्हाला रस्त्यावर उन्हात उभं करायचे, मान डावीकडं, मान उजवीकडं, हनुवटी वर, असं करायला लावायचे. सोनारानं नथ पारखावी तशी पारख चालायची. तोंड स्वच्छ निघालं तर गूळ. मुरूम निघालं तर गूळ नाही, शेंगदाणा नाही, तेल तर मुळीच नाही. "रगात तापलंय तुजं. जा, ताक पी."

मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होतो आणि माझ्या तोंडावर मुरमांचा बाजार भरला होता. त्यामुळं आमच्या घरात गूळ संपला की आई मला कधीच पाठवायची नाही. पाठवलंच तर मी रिकामे हात हलवत यायचो, वर "आईला सांग, ह्याच्या भाजीत तेल कमी टाक" असा निरोपही आणायचो. दुकानदारानं गिऱ्हाइकाला तेल कमी वापरायला सांगावं, असं त्या काळी निजामाच्या अख्ख्या राज्यात दुसरीकडं कुठं घडत असेल असं मला वाटत नाही.

मलकप्पा मूळचे आळंदच्या बाजूचे, म्हणजे कानडी मुलखाच्या काठावरचे. मराठी फर्मास बोलायचे, पण राग आला की कानडी बाहेर पडायचं. आणि त्यांना राग एकाच गोष्टीचा यायचा. समोर उभं राहून तुम्ही चुकून जरी गालावरचा फोड नखानं खरवडलात, तर ते केवढ्यानं तरी ओरडायचे, "मुट्टबेड!" म्हणजे हात लावू नको. शेजारच्या कापडवाल्याचा गज हातातून पडायचा. शाळेत आम्ही पोरं त्यांना मुट्टबेडप्पाच म्हणायचो. मधल्या सुट्टीत कुणी गालाकडं बोट नेलं की चारी बाजूंनी आरोळी उठायची, "मुट्टबेड!" मास्तरांना वाटायचं, पोरं कानडी शिकायला लागली.

आमच्या वर्गात मुरमांवर नाना इलाज चालायचे. कुणी सकाळची उष्टी लाळ चोपडायचा, कुणी चुलीतली राख. एका बहाद्दरानं विटकर घासून तोंड लाल करून घेतलं होतं आणि आठवडाभर तो लाजल्यासारखा दिसत होता. मलकप्पांचा इलाज मात्र ठरलेला. मुलतानी माती गार पाण्यात कालवून लावायची, वाळली की धुवायची, आणि दुधात उगाळलेलं जायफळ. ही दोन्ही ते मुरूमवाल्याला आपणहून पुडीत बांधून द्यायचे. नको म्हटलं तरी द्यायचे.

त्यांच्यापुढं वय आणि हुद्दा काही चालायचं नाही. तहसिलीत एक पेशकारसाहेब होते. अंगात शेरवानी, डोक्यावर रुमी टोपी, आणि पस्तिशी उलटली तरी हनुवटीवर मुरमांची रांग. एकदा ते स्वतः तेल घ्यायला आले. आम्ही पोरं जीव मुठीत धरून बघत होतो. मलकप्पांनी त्यांनाही उन्हात उभं केलं.

"पेशकारसाब, ह्या वयात?" मलकप्पा म्हणाले. "तेल न्हाय मिळायचं."

"मेरेकू तेल नक्को बोलता?" पेशकारसाहेबांचा आवाज चढला.

"तुमालाच न्हाय. हैद्राबादचा दिवाण आला तरी न्हाय."

पेशकारसाहेबांनी आजूबाजूला बघितलं आणि हळूच विचारलं, "जायफल दूध में, या पानी में?" त्या दिवसापासून मलकप्पांचं नाव तहसिलीत अदबीनं घेतलं जाऊ लागलं.

गावात त्यांना विरोध करणारे एकच, सरकारी दवाखान्यातले डॉक्टरसाहेब. ते औरंगाबादकडचे. तोंड धुण्याचा साबण आणि गंधकाचं मलम एवढंच ते मुरमांवर द्यायचे. मला आईनं एकदा त्यांच्याकडं नेलं होतं. ते हसून म्हणाले, "अम्माजी, घबराओ नक्को. इस उमर में सबकू होता." आणि मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. कातडीखाली तेलाच्या बारीक बारीक पिशव्या असतात. वयात येताना त्या जास्त तेल सोडतात, बारीक भोकं बुजतात, आत तेल साठतं आणि फोड येतो. पोरांना येतो, पोरींना येतो, कुणाकुणाला मोठेपणीही सुटत नाही. त्यात रक्त तापण्याचा संबंध नाही की अंग मळकट असण्याचा नाही. गूळ सोडून कुणाची मुरमं गेलेली आपण बघितली नाहीत. दाबायची नाहीत, फोडायची नाहीत, धीर धरायचा.

मी हे सगळं मलकप्पांना जाऊन सांगितलं. त्यांनी हातातलं तेलाचं माप खाली ठेवलं.

"कातड्याखाली तेल तयार होतंय म्हणतो डाक्टर?"

"व्हय."

"मग आत घाणा कोण फिरवतंय? बैल कुठं बांधलाय?"

पण "दाबायचं नाही, फोडायचं नाही" हे ऐकल्यावर मलकप्पा खूश झाले. "तेवढं एक शाणपणाचं बोलला," म्हणाले. पुढं डॉक्टरसाहेब तेलाला आले की दोघांची पायरीवर घाण्यावरून वादावादी व्हायची आणि शेवटी दोघं मिळून समोरून जाणाऱ्या एखाद्या पोरावर ओरडायचे.

मलकप्पांच्या दुकानात दोन वस्तू कधीच मिळायच्या नाहीत. एक आरसा. इतर किराणावाले खिळ्याला छोटे आरसे, फण्या टांगायचे. मलकप्पा म्हणायचे, "आरसा घरात आला की बोटं तोंडाकडं जातात." त्यांच्या मागच्या खोलीतही आरसा नव्हता. दुसरी वस्तू बिब्बा. आमच्याकडं बिब्ब्याशिवाय किराणा दुकान म्हणजे नवलच. काटा मोडला की बिब्बा, टाच भेगाळली की बिब्बा, बाळंतिणीच्या लाडवात त्याच्या बियांच्या गोडंब्या. पण मलकप्पांकडं कुणी मागितला तर ते फक्त "न्हाय" म्हणायचे आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळायचे. का नाही, हे कुणी विचारलं नाही. इतक्या विचित्र माणसाला आणखी एक विचित्रपणा शोभूनच दिसायचा.

ते एकटेच राहायचे. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विषय काढला तर म्हणायचे, "दुकान कोण बघंल?" डोक्याचा रुमाल ते असा काही गुंडाळायचे, की त्याचे पदर दोन्ही गालांवर उतरायचे. उन्हाळ्याच्या काहिलीतही तो रुमाल सुटायचा नाही. त्यातून जे दिसायचं ते काळपट, खड्ड्याखड्ड्यांचं कातडं. लहानपणी देवी आल्या असतील असं सगळे धरून चालले होते. त्या काळी गल्लीत देवीच्या वणांची माणसं काय कमी होती? दुसऱ्यांच्या तोंडाची एवढी उस्तवार करणाऱ्याचं स्वतःचं तोंड मात्र कुणी उजेडात बघितलेलं नव्हतं.

आता अक्काची गोष्ट. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. सतरा वर्षांची झाली होती, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं घरच्यांची झोप उडाली होती. रंग सावळा, डोळे तेज, जीभ त्याहून तेज, आणि दोन्ही गालांवर माझ्यासारखीच मुरमं. मुलीच्या मुरमांना तेव्हा मुरूम म्हणत नसत, दोष म्हणत. एक स्थळ त्यापायी मोडलं होतं. पाहुण्यांनी घरी जाऊन कळवलं होतं की मुलीच्या तोंडाला काहीतरी रोग दिसतो. त्या दिवसापासून अक्काचं हसणं कमी झालं होतं आणि मला त्या पाहुण्यांचा अजून राग आहे.

आता लोहारा गावचं स्थळ येणार होतं. मुलगा शाळामास्तर, माणसं चांगली. बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सांगून ठेवलं होतं, हे हातचं जाऊ द्यायचं नाही. त्यासाठी सास्तूरहून माझी आत्या आदल्या दिवशीच येऊन दाखल झाली. आत्या म्हणजे घरातली तोफ. तिनं ओसरीवर बसल्या बसल्या अक्काची हनुवटी धरून तोंड फिरवलं आणि फर्मान काढलं.

"बिब्बा लावू. आख्खं बोट न्हाय, सुईच्या टोकानं. एकेका फोडावर ठिपका. उद्यापस्तोर जळून जातील."

"वन्सं, तोंडाला बिब्बा?" आई घाबरून म्हणाली.

"मग काय झालं? बिब्ब्यानं कुरूप जळतंय, चामखीळ जळतंय, मग हे मोहरीएवढं मुरूम का न्हाय जळायचं? म्या लावते, माजा हात हलका हाय."

अक्कानं डोळे मिटून घेतले. एरवी आत्याच्या प्रत्येक शब्दाला दोन शब्द परत करणारी माझी बहीण, तोंड भाजून घ्यायला तयार होऊन बसली. हे स्थळही गेलं तर काय, एवढंच तिच्या मनात असणार. आत्यानं पणती लावली, सुई काढली आणि मला म्हणाली, "पळ, बिब्बा घेऊन ये."

आत्याला कळंबच्या दुकानांची माहिती नव्हती आणि मी घाईत होतो. सवयीनं पाय मलकप्पांच्या पायरीवर थांबले.

"अप्पा, बिब्बा द्या. लवकर."

"न्हाय." ते दुसऱ्या गिऱ्हाइकाचा गूळ तोलत होते. मग थांबले. "कशाला पायजे?"

"अक्काच्या तोंडाला. उद्या पाव्हणे यायलेत. आत्या मुरमं जाळणार हाय."

त्यांच्या हातातला गूळ पारड्यात पडला आणि तराजू कलंडला. दुकान उघडं, गल्ला उघडा, गिऱ्हाईक पायरीवर उभं, आणि मलकप्पा अनवाणी आमच्या घराकडं पळत सुटले. साठीकडं झुकलेला माणूस धोतर सावरत भर बाजारातून पळतोय हे बघून लोकांना वाटलं, कुठंतरी आग लागली. मी मागं पळत होतो आणि मला ते सापडत नव्हते.

ते आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. यापूर्वी ते कुणाच्याच घरी गेलेले मी बघितले नव्हते. धाप लागलेली. आत्या सुई घेऊन उठून उभी राहिली.

"मुट्टबेड!" ते ओरडले. मग हात जोडून म्हणाले, "बाई, पोरीच्या तोंडाला हात लावू नका."

"तुमी कोण सांगणार?" आत्यानं विचारलं.

तेव्हा मलकप्पांनी डोक्याचा रुमाल सोडला. अंगणात ऊन होतं. त्यांनी मान डावीकडं केली, मग उजवीकडं, हनुवटी वर. गिऱ्हाइकाला सांगायचे अगदी तसं. दोन्ही गालांवर, कपाळावर, पार कानापर्यंत कातडं काळं पडून आवळलं होतं.

"ह्या देवी न्हाईत," ते म्हणाले. "बिब्बा हाय ह्यो. म्याच लावला व्हता. माज्या हळदीच्या दिवशी."

जळकोटची मुलगी होती, त्यांनी सांगितलं. लग्न ठरलेलं. स्वतःच्या तोंडावर मुरमं होती म्हणून नवरदेवाला, म्हणजे तरुण मलकप्पांना, लाज वाटत होती. कुणीतरी सांगितलं, बिब्ब्यानं जातात. त्यांनी सकाळी उठून ठिपके लावले. बिब्बा उतला. म्हणजे अंगाला न मानवता त्याचं तेल पसरत गेलं, तोंड सुजून डोळे मिटले, फोडांतून पाणी वाहायला लागलं. मुलीकडचे आले, त्यांनी ते तोंड बघितलं, महारोग आहे म्हणाले आणि परत गेले.

"वाटलेली हळद तशीच राह्यली," मलकप्पा म्हणाले. "त्या पोरीचं पुढं चांगलं झालं म्हणं. बरं झालं." आणि रुमाल पुन्हा गुंडाळायला लागले. पण त्यांना तो नीट गुंडाळता येईना.

आत्या, जी कुणाचं ऐकत नसे, तिनं सुई खाली ठेवली आणि पणती विझवली. अक्का उठली, आत गेली आणि तांब्याभर पाणी आणून त्यांना दिलं. ते प्यायले आणि उघड्या दुकानाची आठवण झाल्यासारखे घाईघाईनं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मोटारीच्या थांब्यावर पाहुण्यांना आणायला मला धाडलं. मुलगा, त्याची मावशी आणि एक म्हातारे काका उतरले. उन्हानं सगळ्यांचे घसे सुकले होते. वाटेत मलकप्पांचं दुकान. काकांनी पाणी मागितलं. आमच्याकडं नुसतं पाणी देत नाहीत, सोबत गुळाचा खडा देतात. मलकप्पांनी मावशीला खडा दिला, काकांना दिला, मुलापुढं हात केला आणि हात मागं घेतला.

मी कानाशी लागलो, "अप्पा, नवरदेव हाय ह्यो. अक्काचा. लोहाऱ्याचा मास्तर."

"असू दे," ते म्हणाले. "मास्तर, उजेडात या."

आणि माझ्या होणाऱ्या भावजींना त्यांनी भर रस्त्यात उन्हात उभं केलं. मान डावीकडं, मान उजवीकडं. मास्तरांच्या हनुवटीपासून कानाखालपर्यंत खच्चून मुरमं होती. ते बिचारे गोंधळून गालाकडं हात नेतात तोच "मुट्टबेड!" अशी गर्जना झाली. मावशीच्या हातातला तांब्या कलला. मग मलकप्पांनी मुलतानी मातीचा खडा ओला करून त्यांच्या हातात दिला, कानाखाली कसं लावायचं ते दाखवलं आणि मास्तरांनीही आज्ञाधारक पोरासारखं लावलं. मी मनात म्हटलं, संपलं. गेलं हेही स्थळ.

घरी चहा-पोहे झाले. अक्का येऊन पाटावर बसली. मावशीनं तिला वर बघायला सांगितलं आणि जे व्हायचं तेच झालं.

"पोरीच्या तोंडावर मुरमं हायेत की," मावशी म्हणाली.

बापूंनी मान खाली घातली. आत्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते तिनं मोठ्या कष्टानं गिळलं.

"माज्याबी हायेत, मावशे," मास्तर शांतपणे म्हणाले. "आत्ताच त्या दुकानदारानं सगळ्या बाजाराला दाखवली. मला गूळसुद्धा दिला न्हाय."

अक्कानं मान वर केली. मास्तरांच्या कानाखाली मातीचा पांढरा पट्टा वाळून तडकला होता. मुलीनं बघण्याच्या वेळी बोलायचं नसतं, पण तिच्यानं राहवलं नाही.

"तुमाला बी मुट्टबेड म्हणाले?"

"केवढ्यानं!" मास्तर म्हणाले, आणि अक्का हसली. खूप दिवसांनी हसली. मास्तर हसले, काका हसले, शेवटी मावशीनंही पदर तोंडाला लावला. स्थळ पक्कं झालं तेव्हा बापूंच्या डोळ्यांत पाणी होतं.

हळदीची हळद मलकप्पांनी पाठवली. हळकुंडं स्वतः निवडून, जात्यावर दळून घेऊन, दुकानातली सगळ्यात चांगली. हळदीच्या दिवशी ते आले, पण मांडवाच्या बाहेर लिंबाखाली उभे राहिले. रुमाल गच्च. नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद लोहाऱ्याच्या माणसांनी आणली, ती अक्काला लागली, मग बायकांनी एकमेकींच्या तोंडाला फासली, पोरांनी पळापळ केली.

आत्या हळदीची वाटी घेऊन सरळ लिंबाकडं गेली.

"अप्पा," ती म्हणाली, "उजेडात या."

मलकप्पा दचकले. दोन पावलं मागं सरकले. "मुट्टबेड," म्हणाले, पण नेहमीसारखे ओरडले नाहीत. अगदी हळू म्हणाले. "माजं तोंड... नगं बाई."

"पोरीची हळद हाय. तिनंच सांगितलंय, एक बोट तुमाला," आत्या म्हणाली. "आन् माजा हात हलका हाय."

मग त्यांनी स्वतःच रुमाल सोडला आणि गाल पुढं केला. आत्यानं एका गालाला लावली, मग दुसऱ्या. त्यांनी डोळे मिटले होते. किती वर्षांनी त्या तोंडाला कुणी माणसानं हात लावला असेल, हे मला तेव्हाही कळलं होतं.

आत्या गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. इकडंतिकडं बघत, पोरानं खाऊ मागावा तसं विचारलं, "आरसा हाय का रं घरात?"

मी आईच्या फणी-करंड्यातला छोटा आरसा आणून दिला. तो घेऊन ते सावलीतून बाहेर आले, उन्हात उभे राहिले. मान डावीकडं केली, मान उजवीकडं केली. पिवळ्या गालापाशी बोट नेलं, आणि हळद पुसेल म्हणून तिथंच थांबवलं.

"मुट्टबेड," ते स्वतःलाच म्हणाले.